हायवेवर तरंगणारी मोटरहोम: आधी वजनकाटा, मग गॅरेज

प्रश्न विचारणारे गृहस्थ नाशिकचे आहेत. त्यांनी ३७०० मिमी व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांत तेवढे अंतर असलेली) जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची मोटरहोम करून घेतली आहे. आत दोन पलंग, ओटा, फ्रिज आणि शौचालय आहे, टपावर सोलर पॅनल व एसी आहे, आणि मागच्या दाराला लागून दोनशे लिटरची पाण्याची टाकी आहे. त्यांची तक्रार अशी की शहरात गाडी बरी चालते, पण समृद्धी महामार्गावर ताशी ७५-८० किलोमीटरच्या पुढे ती तरंगायला लागते, स्टेअरिंग सतत थोडेथोडे सावरावे लागते, आणि शेजारून मोठी बस गेली की गाडी आधी ढकलली जाते व मग ओढली जाते. गॅरेजवाल्याने मागे एकेक कमानपाटा (गाडीचे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगची, म्हणजे कमानीची, पोलादी पट्टी) वाढवणे, भारी शॉकॲब्सॉर्बर बसवणे आणि स्टेअरिंग डँपर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा दांडा) लावणे असे तीन उपाय सुचवले आहेत. यांपैकी आधी कशावर पैसे घालावेत, असे त्यांनी विचारले आहे.

मी पुण्यात बस-टेम्पोच्या सस्पेन्शनचे काम करतो आणि अलीकडे आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये मोटरहोमची संख्या बरीच वाढली आहे. माझे उत्तर असे आहे की या तिन्हींपैकी कशावरही आधी पैसे घालू नका. सुचवलेले उपाय चुकीचेच आहेत असे मी म्हणत नाही. पण गाडीचे कोणत्या चाकावर किती वजन पडते हे माहीत नसताना ते करणे म्हणजे ताप न मोजता औषध देणे आहे, आणि त्यातला कमानपाट्याचा उपाय तर तुमची मुख्य तक्रार वाढवण्याचीच शक्यता अधिक आहे. तसे का, ते पुढे सविस्तर लिहितो.

‘तरंगते’ या एका शब्दात तुम्ही तीन वेगळ्या तक्रारी सांगितल्या आहेत. सरळ, मोकळ्या रस्त्यावर वारा नसतानाही गाडी आपली रेघ सोडते, ती पहिली. तिला मी भरकटणे म्हणेन. वळणावर किंवा लेन बदलताना अंग एका कुशीवर झुकते आणि परत यायला वेळ लावते, ते झुलणे. आणि वाऱ्याने किंवा बसच्या हवेने गाडी बाजूला सरकते, तो बाहेरचा रेटा. भरकटण्याचे मूळ बहुधा पुढच्या चाकांवरचे वजन, टायरमधली हवा, अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) किंवा स्टेअरिंगच्या सांध्यांमधली झीज यांत असते. झुलण्याचे मूळ उंचावरच्या वजनात आणि शॉकॲब्सॉर्बर व स्टॅबिलायझर बार (गाडीचे झुकणे रोखणारी आडवी सळई) यांच्या स्थितीत असते. बाहेरचा रेटा कधीच नाहीसा होत नाही, कारण गाडीचा आकारच पेटाऱ्यासारखा आहे. मात्र पहिल्या दोन गोष्टी ठाकठीक असल्या की तो सावरणे सोपे जाते. तुमच्या गाडीत कशाचा वाटा किती आहे हे ती पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. पुढचा ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) अखंड आहे की दोन्ही चाकांचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे, मागे जोडचाके आहेत की एकेरी, फर्निचर कोणी आणि कशाचे केले, गाडी किती किलोमीटर चाललेली आहे, या सगळ्यावर उत्तर थोडेफार बदलेल. तपासण्याचा क्रम मात्र बदलत नाही.

सुरुवात वजनकाट्यापासून करायची. लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीच्या परिसरात वजनकाट्यांना तोटा नाही. गाडी प्रवासाला निघताना जशी असते तशी भरा: पाण्याची टाकी पूर्ण, डिझेल पूर्ण, सिलिंडर, भांडी, अंथरुणे, आणि जितकी माणसे नेहमी असतात तितकी आपापल्या जागी बसलेली. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन आकडा लिहा, मग पूर्ण गाडी घ्या, मग फक्त मागची चाके. पहिला आणि तिसरा आकडा मिळून दुसऱ्याच्या जवळपास यायला हवेत. तसे आले नाहीत तर काट्याकडे जाणारा रस्ता सपाट नाही असे समजा आणि दुसरा काटा शोधा, कारण अर्धी गाडी उतारावर असताना मिळालेला आकडा फसवतो. काट्याच्या कडेला सपाट जागा असेल तर एका बाजूची चाके बाहेर ठेवून डावे-उजवे वजनही घ्या. ओटा, फ्रिज आणि बॅटऱ्या एकाच बाजूला लावायची सवय अनेक सुतारांना असते, आणि मग गाडी कायमची एका अंगाला झुकलेली राहते.

आलेले आकडे कंपनीने दिलेल्या प्रत्येक ॲक्सलच्या कमाल वजनाशी ताडून पाहा. एकूण वजन मर्यादेत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मोटरहोमचे एकूण वजन मर्यादेच्या आसपासच असते, पण मागचा ॲक्सल मर्यादेला टेकलेला आणि पुढचा मात्र उपाशी, अशी त्यांची अवस्था असते. या आकाराच्या गाडीत एकूण वजनाच्या ३५ टक्क्यांहून कमी भार पुढच्या चाकांवर असला की चालवणारा ‘स्टेअरिंग हलके वाटते’ म्हणतो, आणि थोड्या वेळाने भरकटण्याची तक्रार करतो. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या अनुभवातला आहे, तेव्हा त्याला धोक्याची खूण समजा, नियम नव्हे.

वजन मागे का जाते याचे सर्वांत मोठे कारण तुमच्या पत्रातच आहे: मागच्या दाराजवळची टाकी. तिचा मध्य मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आहे असे धरू. भरलेल्या टाकीतले पाणी २०० किलोंचे, व्हीलबेस ३.७ मीटर. ॲक्सलच्या मागे ठेवलेले वजन तरफेसारखे काम करते: २०० गुणिले १.२ भागिले ३.७, म्हणजे सुमारे ६५ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात, आणि मागच्या चाकांवर २०० ऐवजी २६५ किलो पडतात. आता हीच टाकी पुढच्या ॲक्सलपासून दोन मीटरवर, पलंगाखाली किंवा चासीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) दोन लांब तुळयांच्या मध्ये आणली, तर त्याच पाण्याचे ९० किलोंच्या वर वजन पुढच्या चाकांवर येते. दोन्ही अवस्थांमधला फरक दीडशे किलोंहून अधिक होतो, आणि त्यासाठी गाडीत एक किलोही कमी-जास्त करावा लागलेला नाही. टाकी हलवणे शक्य नसेल तर निदान इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, अवजारांची पेटी आणि जादा सामान ड्रायव्हरच्या सीटमागे आणा. लेड-ॲसिडच्या एका मोठ्या बॅटरीचे वजन ५० ते ६० किलो असते, तेव्हा दोन बॅटऱ्यांची जागा बदलणेही लहान गोष्ट नाही.

पाण्याबद्दल आणखी एक गोष्ट. अर्धी भरलेली टाकी ही पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण तुम्ही लेन बदललीत की पाणी आधी एका भिंतीवर आपटते आणि तुम्ही गाडी सरळ केलीत की ते दुसऱ्या भिंतीकडे निघते. आडवी, रुंद, आतून मोकळी टाकी असेल तर हा हेलकावा स्टेअरिंगवर स्पष्ट जाणवतो. टाकीत पाण्याची धाव अडवणाऱ्या आडभिंती आहेत का ते बनवणाऱ्याला विचारा. नसतील तर लांबच्या टप्प्याला निघताना टाकी पूर्ण भरा किंवा जवळजवळ रिकामी ठेवा. ओट्याचे आणि शौचालयाचे सांडपाणी जिथे साठते त्या टाकीलाही हेच लागू आहे, आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

फर्निचरविषयी बोलणे थोडे कडू वाटेल. घरातली कपाटे करणारा सुतार चांगला असला तरी तो घराच्या हिशेबाने प्लाय वापरतो. १८ मिमी जाडीच्या आठ बाय चार फुटी प्लायचे एक पान साधारण ३५ किलोंचे भरते. अशी दहा-बारा पाने गाडीत गेली की लोखंडी अँगल, सनमायका आणि बिजागऱ्या न धरताच चारशे किलो होतात, आणि त्यातली निम्मी कपाटे डोक्याच्या वर टांगलेली असतात. उंचावरचे वजन झुलणे वाढवते. आहे ते सगळे उपटून काढा असे मी सांगणार नाही. पण वरच्या कपाटांत धान्याचे डबे व भांडी ठेवू नका, तिथे कपडे ठेवा, आणि जड सामान खाली, दोन ॲक्सलच्या मध्ये ठेवा. टपावरच्या कॅरिअरवर जादा टायर, जेरीकॅन आणि तंबू चढवण्याचा मोह तर पूर्ण सोडा.

आता कमानपाट्याकडे येतो. मागची बाजू बसलेली दिसते, म्हणून पाटे वाढवून ती उचलायची, हा विचार डोळ्यांना पटतो. पण पुढच्या चाकांची रचना अशी असते की ती ज्या रेषेभोवती वळतात ती रेषा वरच्या बाजूला थोडी मागे कललेली असते. या कलाला कॅस्टर म्हणतात. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येते आणि महामार्गावर गाडी आपली रेघ धरून राहते, ती बव्हंशी या कॅस्टरमुळे. मागची बाजू उचलली की सगळी चासी पुढे झुकते आणि कॅस्टर तेवढाच कमी होतो. ३७०० मिमी व्हीलबेसवर मागची बाजू ६५ मिमी वर उचलली, तर कॅस्टरमधून जवळजवळ एक पूर्ण अंश गेला. मुळात दोन-चार अंशांचाच जिथे हिशेब असतो, तिथे एक अंश खूप झाला. म्हणजे गाडी दिसायला ताठ उभी राहते आणि चालवायला आधीपेक्षा चंचल होते. शिवाय कमान चासीला पुढच्या टोकाला जिथे पिनेने जोडलेली असते तो बिंदू ॲक्सलच्या मानाने वर गेला, की वळणावर अंग झुकताना मागचा ॲक्सल किंचित तिरका होण्याची दिशा उलटते आणि मागची बाजू वळणाबाहेर निघू पाहते. साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर जे एस आकाराचे उताराचे वळण लागते, तिथे हा दोष सर्वांत नकोसा असतो.

तेव्हा मागची बाजू बसली असेल तर आधी ती का बसली ते पाहा. पाटे थकले असतील, त्यांची मूळ कमान सरळ झाली असेल, एखादा पाटा तुटला असेल, तर कंपनीच्या मापाने नवा संच बसवणे हा योग्य उपाय आहे, कारण त्याने गाडी मूळ उंचीवर येते, त्याहून वर जात नाही. वजन हलवूनही उंची थोडी कमी राहिली तर मदतीचे एअर बेलो (हवा भरायचे रबरी फुगे) लावता येतात. डाव्या-उजव्या बेलोंच्या नळ्या वेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे झुकलेली बाजूही सावरता येते आणि एका बेलोतली हवा वळणावर दुसऱ्यात पळत नाही. पण बेलोंमुळे ॲक्सलची वजन पेलण्याची मर्यादा वाढते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर आहेत तेच असतात.

वजनानंतर टायर. यात बिनखर्चाचा सुधार सर्वांत जास्त आहे. बहुतेक जण चारही चाकांत एकच दाब भरतात. पुढची चाके हलकी असताना त्यांत मागच्याइतकीच हवा भरली की टायरचा मधला पट्टाच रस्त्याला टेकतो, पकड कमी होते आणि गाडी रस्त्यावरच्या प्रत्येक रेघेमागे धावते. उलट मागे हवा कमी असली तर टायरची बाजूची भिंत कुशीवर लवत राहते आणि शेपूट हलल्यासारखी वाटते. कंपनीने दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेले पुढचे व मागचे दाब हा पाया धरा, आणि टायर कंपनीच्या वजन व दाबाच्या तक्त्यात वजनकाट्यावरचे आकडे घालून ते पडताळा. तक्ता न पाहता पट्टीवरच्या आकड्याच्या खाली कधीच जाऊ नका. दाब सकाळी, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने मोजा. पंक्चरवाल्याच्या गेजवर माझा फारसा भरवसा नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की या आकाराच्या टायरमधला दाब सुमारे अडीच पीएसआयने वाढतो, आणि समृद्धीच्या सिमेंटच्या रस्त्यावर एप्रिल-मेमध्ये तो त्याहून बराच चढतो. ते अपेक्षितच असते. गरम टायरमधून हवा सोडून दाब ‘बरोबर’ करणे ही धोकादायक सवय आहे, कारण प्रत्यक्षात तुम्ही टायर कमी हवेवर पळवत असता आणि कमी हवेचा टायर अधिक तापतो. मागे जोडचाके असतील तर आतल्या टायरची हवा स्वतः मोजा; व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही म्हणून तो महिनोन्‌महिने तसाच राहिलेला असतो.

टायरचे वयही पाहा. बाजूच्या भिंतीवर चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मोटरहोम वर्षातले बरेच दिवस उभी असते, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र कडक झालेले असते. सहा वर्षांपुढच्या टायरवर मी कोणालाही महामार्गाचा वेग धरायला सांगत नाही.

यानंतर स्टेअरिंगचे सांधे. याची परीक्षा घरच्या घरी होते आणि ती तुम्ही स्वतः पाहावी असे मला वाटते, कारण एकदा डोळ्यांनी पाहिले की गॅरेजमध्ये कोणी उगाच भाग बदलायला सांगू शकत नाही. गाडी सपाट जमिनीवर, चाके जमिनीला टेकलेली, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अटकण लावलेली. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचे नाही. इंजिन चालू ठेवून एकाने स्टेअरिंग दोन-दोन इंच डावी-उजवीकडे सावकाश हलवत राहायचे आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन बाजूने वाकून एकेक सांधा पाहायचा. स्टेअरिंगच्या शाफ्टपासून सुरुवात करून स्टेअरिंगचा गिअरबॉक्स, त्याला जोडलेला ड्रॉप आर्म, तिथून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडची टोके असे क्रमाने पुढे जायचे. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा भाग क्षणभर थांबून मग हलतो, तिथे झीज आहे. बोट सांध्यावर ठेवले तर ती टकटक हाताला कळते. गिअरबॉक्स चासीवर ज्या बोल्टांनी बसवलेला असतो तिथेही पाहा. बोल्ट ढिले झाले की पूर्ण गिअरबॉक्सच हलत असतो आणि दोष मात्र टाय रॉडवर ढकलला जातो.

स्टेअरिंगच्या चाकावर इंचभराहून जास्त मोकळी हालचाल असेल तर तिचे कारण शोधायला हवे. पण गिअरबॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून ती हालचाल संपवणे, हा रस्त्याकडेच्या गॅरेजचा आवडता उपाय टाळा. तो जास्त आवळला गेला की स्टेअरिंग मध्यावर अडकायला लागते, आपोआप सरळ येत नाही, आणि चालवणाऱ्याला दर क्षणी ते हाताने परत आणावे लागते. हेही भरकटणेच, फक्त उलट कारणाने झालेले. किंगपिन (पुढचे चाक ज्याभोवती वळते तो खिळा) कोरडे पडले तरी हेच होते. किंगपिनच्या गाडीला ग्रीस भरताना पुढची चाके जमिनीवरून उचललेली असावीत, म्हणजे दाबाखाली असलेल्या बाजूलाही ग्रीस पोचते. जमिनीवर उभ्या गाडीला भरलेले ग्रीस बरेचदा सोप्या बाजूने बाहेर येते आणि सगळ्यांचे समाधान होते.

अलाइनमेंट या सगळ्यानंतर, वजन हलवून झाल्यावर आणि झिजलेले भाग बदलून झाल्यावर करायचे. तेही गाडी प्रवासाइतकी भरलेली असताना. मोटारींच्या दुकानातला रॅम्प बहुतेक वेळा तुमच्या गाडीला पुरणार नाही, म्हणून बस-ट्रकची अलाइनमेंट करणारे ठिकाण शोधा आणि टो (चाकांची तोंडे आत-बाहेर किती वळली आहेत), कॅस्टर, कँबर (चाके उभ्यात किती कलली आहेत) या तिन्हींचे आकडे छापील घ्या. ‘टो सेट केला’ एवढ्यावर परत येऊ नका, कारण तुमच्या तक्रारीत कॅस्टरचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. मागचा ॲक्सल चासीला काटकोनात आहे का, हेही तपासून घ्या. पुढची चाके सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी ओळंब्याने मोजायचे. फरक सात-आठ मिमीहून अधिक असेल तर कमानीचा मधला बोल्ट तुटलेला, यू बोल्ट (कमान ॲक्सलला आवळणारे) ढिले, किंवा बुश (सांध्यातले अस्तर) गेलेले असण्याची दाट शक्यता आहे. अशी गाडी सरळ जाताना स्टेअरिंग मात्र थोडे वाकडे धरावे लागते. पाट्यांचे काम अलीकडेच झाले असेल तर काहीशे किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा ठरलेल्या टॉर्कने आवळले गेले का, ते विचारा. हे काम हमखास राहून जाते.

इथपर्यंत जे सांगितले त्यात नवे सामान जवळजवळ नाही, आणि माझ्या अनुभवात भरकटण्याच्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. यापुढचे उपाय झुलणे कमी करण्यासाठी. शॉकॲब्सॉर्बरवर तेलाचे ओघळ असतील, टायरची नक्षी वाटी-वाटीने झिजली असेल, किंवा पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर गाडी एकदा खाली-वर होऊन न थांबता डुलत राहत असेल, तर शॉकॲब्सॉर्बर चारही बदला. तुमची गाडी रिकामी कधीच नसते, त्यामुळे थोडे कडक, गॅस भरलेले शॉकॲब्सॉर्बर तुम्हाला चालतील. स्टॅबिलायझर बार असेल तर आधी त्याचे रबरी बुश आणि लिंक बदला. शंभर-दोनशे रुपयांचे रबर गेल्यामुळे जाडजूड बार नुसता लोंबकळत असतो, हे मी वारंवार पाहतो. नवा, जाड बार लावायचा असेल तर फक्त मागे लावू नका. मागची बाजू एकटीच ताठ केली की वळणावर मागच्या बाहेरच्या टायरवर जादा भार जातो आणि शेपूट आधी सुटते. पुढे-मागे दोन्ही बार जोडीने विचारात घ्यावेत.

मागचे अंग कमानींवर आडवे सरकते, बसच्या झोताने शेपूट आधी हलते, अशी नेमकी तक्रार उरली, तर ॲक्सल आणि चासी यांना आडवा जोडणारा पॅनहार्ड रॉड उपयोगी पडतो. तो आपल्याकडे बहुधा बनवूनच घ्यावा लागतो आणि त्याचे ब्रॅकेट चुकीच्या जागी वेल्ड केले तर चासीला भेग पडते, म्हणून हे काम कोणाकडेही देऊ नये. चासीत, सस्पेन्शनच्या रचनेत फेरफार करण्याआधी कायद्याची बाजूही पाहा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातले फेरबदल मनाप्रमाणे करता येत नाहीत, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक हेच आधी पाहतो.

स्टेअरिंग डँपर सर्वांत शेवटी. तो थरथर शोषतो, टायर फुटल्यास बसणारा झटका थोडा सौम्य करतो. पण गेलेला कॅस्टर तो परत आणत नाही आणि झिजलेला सांधा भरून काढत नाही. उलट सांधा झिजलेला असताना डँपर लावला तर झीज जाणवेनाशी होते आणि ती वाढत राहते, म्हणून आधी डँपर लावून आलेल्या गाडीचा डँपर काढूनच मी ती तपासायला घेतो.

आता बाहेरचा रेटा. तुमच्या गाडीची एक बाजू सुमारे १३ चौरस मीटरची भरेल. ताशी ५० किलोमीटरचा आडवा वारा तिच्यावर ढोबळमानाने दीडशे किलोचा दाब टाकतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. समृद्धीवर किंवा कुठल्याही नव्या महामार्गावर रस्ता डोंगर कापून जातो तिथे वारा नसतो आणि त्या खाचेतून उंच भरावावर किंवा पुलावर आलात की तो एकदम अंगावर येतो. अशा जागा दुरून दिसतात. तिथे पोचण्याआधी वेग कमी करा, पोचल्यावर ब्रेक मारू नका. ताशी ८० वरून १०० वर गेलात की हवेमुळे गाडीवर येणारे बळ दीडपटीहून थोडे अधिक होते. मोटारींसाठी १२० ची मर्यादा लिहिलेली असली तरी या गाडीसाठी मी ८० च्या पुढे जाण्याचा सल्ला देत नाही, सगळे काम करून झाल्यावरही नाही.

बस उजवीकडून ओलांडते तेव्हा काय होते ते समजून घेतले तर हात शांत राहतो. तिच्या तोंडापुढे दाबलेली हवा आधी तुमच्या शेपटीला डावीकडे रेटते, त्यामुळे तुमचे नाक किंचित उजवीकडे, बसच्याच दिशेने वळते. मग तीच हवा पुढे सरकून तुमच्या तोंडाला डावीकडे लोटते. आणि बस समांतर आली की दोन गाड्यांमधल्या कमी दाबामुळे तुम्ही तिच्याकडे ओढले जाता. हे सगळे दोन-तीन सेकंदांत घडते. प्रत्येक धक्क्याला स्टेअरिंगने उत्तर दिलेत तर तुमचे उत्तर पुढच्या धक्क्याच्या दिशेने पडते आणि झोके वाढतात. आरशात बस दिसली की आधीच लेनच्या डाव्या अंगाला या, ॲक्सिलरेटर किंचित सोडा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट न आवळता धरा आणि नजर लांबच्या रस्त्यावर ठेवा.

एक व्यावहारिक सूचना राहिली. एका वेळी एकच बदल करा आणि त्यानंतर त्याच रस्त्यावर, पहाटे वारा नसताना, टाकी भरलेली असताना ६०, ७० आणि ८० या वेगांवर गाडी चालवून पाहा. कोणत्या वेगाला भरकटणे सुरू होते ते लिहून ठेवा. सामान हलवले, हवा बदलली आणि अलाइनमेंट केले, हे सगळे एकाच आठवड्यात झाले तर नेमका कशाने फरक पडला ते तुम्हालाही कळणार नाही आणि पुढच्या वेळी तक्रार आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

वजनकाट्यावरचे तीन आकडे, जमल्यास डावे-उजवे वजन, टायरचे माप आणि त्यांच्या बाजूवरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा अंक), आणि भरलेल्या गाडीचा बाजूने काढलेला एक फोटो इथे टाका. त्यावरून पुढचे आणि मागचे दाब किती असावेत आणि टाकी हलवणे अटळ आहे की नाही, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येईल. तोवर पाट्यांची आणि डँपरची ऑर्डर थांबवा.